अघमर्षण
पाण्यात बुडी घेऊन, श्वास रोखून अघमर्षण सूक्त मनात जपण्याचा प्रायश्चित्तविधी. हे सूक्त ऋग्वेदातील (१०.१९०), एकूण ऋचा ३, ऋषी अघमर्षण माधुच्छंदस. मनुस्मृतीत पापमुक्तीसाठी ३ दिवस उपवास, रोज ३ वेळा स्नान व त्रिवार जप सांगितला आहे. संध्येत याचे छोटे रूप टिकले आहे : तळहातावरचे पाणी नाकाशी धरून सूक्त म्हणतात आणि ते पाणी डावीकडे टाकतात. पाण्यात बुडी घेऊन शुद्ध होण्याच्या याच कल्पनेशी जवळची तीर्थस्नानाची परंपरा गोव्यात डिचोली तालुक्यातील नार्वे येथे दिसते; गोकुळाष्टमीला भाविक पंचगंगातीर्थावर स्नानाला जमतात. श्वास रोखून अशी बुडी घेताना शरीरावरही परिणाम होतो : गार पाण्यात चेहरा बुडताच हृदयाचे ठोके मंदावतात. मात्र बुडीआधी भराभर श्वास घेतल्यास पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.