डाग द्यावा की बदलावा?

१८८६ साली कार्ल बेंझने बनवलेल्या मोटारीत रेडिएटर नव्हताच. इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ उडून जाई आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागे. १९०० साली विल्हेल्म मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा वाहे, भोवतीच्या फटींतून पाणी. हवेला भिडणारे क्षेत्रफळ वाढल्याने ९ लिटर पाणी पुरू लागले.

पण जितके सांधे अधिक, तितक्या गळतीच्या जागाही अधिक. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला कारागीर कथील-शिशाचा डाग देई आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येई. पुढे वजन कमी करण्यासाठी अ‍ॅल्युमिनिअमच्या जाळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. अ‍ॅल्युमिनिअमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा थर चढतो, त्यावर साधा डाग धरत नाही. म्हणून तो गळला की बहुधा सबंध बदलतात. गाडी हलकी झाली, डाग देणाऱ्याचे काम मात्र गेले.

तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनिअमची तार घासून स्वच्छ करा, दोन्हींना डाग देऊन दाखवा. हा इतिहास मुलांना डोळ्यांनी दिसेल.