यवतमाळ जिल्ह्यातील नागरी परिसर नियोजन

यवतमाळ जिल्ह्यातील नागरी परिसर नियोजन म्हणजे जिल्ह्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या हद्दीत मैदाने, उद्याने, बाजाराच्या जागा आणि पायी चालण्याजोगे रस्ते राखण्याची व सुधारण्याची कायदेशीर व प्रशासकीय प्रक्रिया होय. तिचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. लहान शहरांत खेळ, व्यापार आणि पादचारी या तिन्ही गरजा बहुधा एकाच जमिनीवर हक्क सांगतात. त्यामुळे आरक्षित जमीन मुदतीत ताब्यात येते की नाही, यावर या नियोजनाचे यश प्रामुख्याने अवलंबून असते.

पार्श्वभूमी

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ असून तिच्यापैकी सुमारे एक पंचमांश लोक शहरांत राहतात. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा आणि नेर येथे नगरपरिषदा आहेत. बाभूळगाव, कळंब, राळेगाव, महागाव, मारेगाव, झरी जामणी व ढाणकी येथे नगरपंचायती आहेत.

ब्रिटिश काळात या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा असे होते. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ करण्यात आले. ब्रिटिश काळातच यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंदमापी लोहमार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. पुढे तो ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जाऊ लागला. जिनिंग कारखाने, कापसाचा बाजार, कचेऱ्या आणि त्यांना जोडणारे रस्ते यांभोवती शहर वाढले. या रस्त्यांची रुंदी बैलगाडीच्या काळातील होती. आज त्याच रस्त्यांवर एस.टी. बस, ऑटोरिक्षा, दुचाक्या, हातगाड्या आणि पादचारी असतात.

शहराची अलीकडची वाढ जुन्या हद्दीबाहेर झाली. यवतमाळ नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये १,१६,५५१ होती, म्हणजे २००१ च्या तुलनेत किंचित कमी. वस्ती मात्र लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव या लगतच्या ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांत वाढत होती. पुढे हे भाग नगरपरिषदेत समाविष्ट करण्यात आले. घरे आधी, रस्ते व नाल्या नंतर आणि मैदान शेवटी (तेही जमीन उरली असल्यास), अशा क्रमाने वसलेल्या भागांचे नियोजन ही तेव्हापासून नगरपरिषदेची मुख्य अडचण राहिली आहे.

विकास योजना

१९६६ चा अधिनियम संमत झाला तेव्हा जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री होते. हा कायदा ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. त्यातील कलम २२ नुसार विकास योजनेत निवासी, व्यापारी व औद्योगिक वापराच्या क्षेत्रांबरोबरच शाळा, बाजार, मोकळ्या जागा, क्रीडांगणे, उद्याने आणि रस्ते यांसाठी जमिनी दर्शवता येतात. बोलीभाषेत यालाच ‘डीपी’ आणि अशा जमिनीला ‘आरक्षण’ म्हणतात.

योजना तयार करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर प्रथम विद्यमान भूवापर नकाशा केला जातो. त्यानंतर प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. नगरपरिषद क्षेत्रात त्यासाठी साधारणतः ३० दिवस मिळतात. नियोजन समिती सुनावणी घेते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. कलम ३८ नुसार किमान दर वीस वर्षांनी योजनेचे पुनर्विलोकन अपेक्षित आहे. मंजूर योजनेत मधल्या काळात बदल करायचा असल्यास कलम ३७ अन्वये फेरबदलाची स्वतंत्र प्रक्रिया करावी लागते. तिच्यातही हरकतींची संधी असते. परंतु मूळ योजनेच्या वेळी हरकती घेणाऱ्यांच्या तुलनेत फेरबदलाच्या सूचना वाचणारे लोक थोडे असतात.

भूवापर नकाशाची गुणवत्ता पुढील सर्व कामांवर परिणाम करते. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ नंतर भारतात आले व अनेक शहरांत हिंडले. आधी शहर पायी फिरून समजून घ्यावे आणि मोठी पाडापाडी टाळून आवश्यक तेवढेच बदल करावेत, अशी त्यांची पद्धत होती. मुले कोणत्या रिकाम्या भूखंडावर खेळतात, भाजी विकणाऱ्या स्त्रिया कोणत्या झाडाखाली बसतात, शाळेला जाणारी जवळची वाट कोणत्या बोळातून जाते, या गोष्टी केवळ उपग्रह छायाचित्रावरून कळत नाहीत.

आरक्षण आणि कलम १२७

विकास योजनेत एखाद्या भूखंडावर ‘क्रीडांगण’ असे लिहिल्याने ते क्रीडांगण होत नाही. जमीन खाजगी मालकाचीच राहते. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली नियोजन प्राधिकरणावर सूचना बजावता येते. अशा सूचनेनंतर कार्यवाही करण्यासाठी मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. २००९ मध्ये ती बारा महिने आणि २०१५ मध्ये चोवीस महिने करण्यात आली. या मुदतीत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते आणि मालक लगतच्या जमिनीप्रमाणे तिचा विकास करू शकतो.

गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असे स्पष्ट केले की, केवळ ठराव करणे किंवा पत्र पाठवणे म्हणजे संपादनाची कार्यवाही नव्हे. प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारे पाऊल उचलले गेले पाहिजे. मालकाच्या बाजूने पाहता हा नियम न्याय्य आहे, कारण मोबदल्याविना जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवता येत नाही. शहराच्या बाजूने पाहता मात्र त्याचा अर्थ असा होतो की, निधी नसलेली नगरपरिषद आपली मैदाने कागदावर मिळवते आणि काही वर्षांनी गमावते.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि मोबदल्याची रक्कम वाढली. पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देणे किंवा समावेशक आरक्षणाखाली जमिनीचा काही भाग मालकाला विकसित करू देणे, हे पर्याय उपलब्ध आहेत. मुंबई-पुण्यात वाढीव बांधकामाला मोठी मागणी असल्याने अशा हक्कांना बाजार आहे. दारव्हा किंवा घाटंजीसारख्या गावांत इमारती एक-दोन मजली असतात आणि मंजूर चटई क्षेत्रही पुरते वापरले जात नाही. तेथे हा हक्क विकत घेणार कोण, हा प्रश्न उरतो. त्यामुळे महानगरांसाठी उपयुक्त ठरलेले हे साधन जिल्ह्यातील शहरांत फारसे उपयोगी पडत नाही.

लेआउटमधील मोकळी जागा

वैदर्भीय शहरांत शेतजमिनीचे भूखंड पाडून वसवलेल्या वस्तीला ‘लेआउट’ म्हणतात. राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे ठेवावे लागते. स्थानिक बोलीत ही जागा ‘ओपन स्पेस’ म्हणून ओळखली जाते. हिच्यासाठी भूसंपादनाचा खर्च करावा लागत नसल्यामुळे लहान शहरांना सर्वांत स्वस्तात मिळणारे मैदान हेच होय.

तिच्याविषयीचा धोका अभिलेखांत असतो. रेखांकन मंजूर झाले तरी सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर मूळ मालकाचे नाव कायम राहिल्यास काही वर्षांनी वारसांकडून जागेची विक्री, अतिक्रमण किंवा वाद उद्भवू शकतो. ग्रामपंचायत क्षेत्रात असताना पडलेले लेआउट नगरपरिषदेत आल्यावर प्रत्येक मोकळ्या जागेची मोजणी, नोंद आणि कुंपण करणे म्हणून महत्त्वाचे ठरते. मंजुरीविना पाडलेल्या गुंठेवारी वस्त्यांत तर अशी जागा बहुधा ठेवलेलीच नसते. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने, आणि २०२१ च्या सुधारणेनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना, नियमित होण्याची वाट मिळाली. परंतु नियमितीकरणाने घर कायदेशीर होते, मैदान निर्माण होत नाही.

बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा (१९९१) या निकालात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला आणि अशा बाबतीत परिसरातील रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. लेआउटमधील मोकळ्या जागांच्या वादांत या निकालाचा आधार घेतला जातो.

मैदाने

यवतमाळ शहरात आझाद मैदान, समता मैदान (पोस्टल मैदान) आणि नेहरू स्टेडियम ही मोठी सार्वजनिक ठिकाणे आहेत. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले, तेव्हा त्यासाठी समता मैदानाचा उपयोग झाला. सभा, प्रदर्शने, सराव आणि सकाळचे फिरणे अशा सर्व कामांसाठी तीच मैदाने वापरावी लागतात. मोठ्या मैदानांची उणीव मोहल्ल्यातील लहान जागांनी भरून निघू शकते, कारण वृद्ध व्यक्ती आणि लहान मुले दूर जाऊ शकत नाहीत. मोकळ्या जागेवर व्यायामाची लोखंडी साधने बसवणे हा अलीकडे सर्वत्र रूढ झालेला उपाय आहे. तो लवकर पूर्ण होतो व डोळ्यांत भरतो. पण सावली, पाणी, दिवे आणि देखभाल नसल्यास साधने लवकरच निरुपयोगी होतात.

सावलीचा मुद्दा या जिल्ह्यात गौण नाही. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. दुपारी उद्यान रिकामे असते आणि लोक रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसतात. रस्ता रुंदीकरणात अशी झाडे तोडायची असल्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये परवानगी लागते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे.

बाजार, गुजरी आणि फेरीवाले

आठवडी बाजार, रोजची भाजीची गुजरी, पानठेले आणि चहाच्या टपऱ्या हा जिल्ह्यातील शहरांच्या अर्थव्यवहाराचा मोठा भाग आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ नुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी करावयाचे असून ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. परंपरेने बसलेला बाजार ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून विचारात घ्यावा लागतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतून विक्रेत्यांना प्रथम दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल कर्जाऊ मिळू लागले. त्यामुळे शहरांतील विक्रेत्यांच्या नोंदीला काहीशी गती आली.

दुकानदार, हातगाडीवाला आणि पादचारी यांचा वाद बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेच्या दोन-तीन मीटर पट्ट्यावरचा असतो. दुकानाची पायरी व माल पुढे येतो, त्यापुढे दुचाकी उभी राहते, तिच्यापुढे हातगाडी लागते आणि चालणारा माणूस वाहनांच्या मार्गात उतरतो. अतिक्रमणविरोधी मोहिमेत बहुधा केवळ हातगाडी उचलली जाते. वाहनतळाची सोय आणि विक्रेत्यांच्या खुणा केलेल्या जागा एकाच आराखड्यात आल्या नाहीत, तर काही दिवसांत पूर्वस्थिती येते.

पायी चालण्याजोगे रस्ते

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेनुसार (आयआरसी १०३) पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळाविरहित वाट असावी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. उंच पदपथावर वृद्धांना चढता येत नाही आणि चाकांची खुर्ची नेता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा सुगम असणे बंधनकारक आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि राज्यांना त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक अडचण म्हणजे रस्त्यांची मालकी. शहरातील मुख्य रस्ते अनेकदा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे असतात. नागपूर–तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी व उमरखेड या गावांना जोडतो. रस्त्याची रुंदी एका कार्यालयात ठरते, नाली दुसरे बांधते आणि जलवाहिनीसाठी तिसरे खोदकाम करते. यवतमाळचा समावेश केंद्राच्या ‘अमृत’ योजनेत (२०१५) होता. तिच्यातून बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरात आणण्याची योजना हाती घेण्यात आली. त्याच योजनेत पादचारी सुविधा आणि हरित जागा हेही घटक होते. पाण्याची टंचाई तीव्र असलेल्या शहरात निधीचा बहुतांश भाग जलवाहिन्यांकडे जाणे स्वाभाविक होते. मात्र खोदलेला रस्ता पुन्हा बांधतानाच पदपथ केला असता तर तो वेगळ्याने करण्यापेक्षा स्वस्त पडतो. वणीकडील मार्गांवर कोळशाच्या जड वाहतुकीमुळे चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न अधिक बिकट होतो.

रस्ता पादचाऱ्यांना दिल्यास धंदा बुडेल, अशी व्यापाऱ्यांची भीती जुनी आहे. कोपनहेगन येथील स्ट्रॉयट हा रस्ता १९६२ मध्ये वाहनमुक्त करताना हाच आक्षेप घेतला गेला होता. पुढे तो शहरातील प्रमुख बाजाररस्ता ठरला. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनांसाठी बंद ठेवला जातो. यवतमाळला असा अनुभव वेगळ्या रूपात परिचित आहे. येथील दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध असून नवरात्राच्या रात्री देखावे पाहण्यासाठी कुटुंबे शहरभर पायी फिरतात आणि त्या दिवसांत खाद्यपदार्थांच्या व खेळण्यांच्या विक्रेत्यांचा व्यवसायही होतो.

निधी आणि लोकसहभाग

नगरपरिषदांचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः मालमत्ता करातून येते. उर्वरित कामे वित्त आयोगाचे अनुदान, नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समिती आणि लोकप्रतिनिधींचा स्थानिक विकास निधी यांतून होतात. खाणी असलेल्या भागांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही उपलब्ध होतो. यांतील बराच निधी एकेका वस्तीतील सुट्या बांधकामांवर खर्च होतो: रस्ता, नाली, सभागृह. आरक्षित जमीन विकत घेण्यासाठी त्यातून क्वचितच तरतूद केली जाते. पैसा नाही हे कारण सर्वत्र टिकते असे मात्र नाही. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने निधीच्या अभावाची सबब नगरपालिकेला मूलभूत कर्तव्यातून मुक्त करत नाही, असे सांगितले होते. तो निकाल नाल्या व स्वच्छतेविषयी होता.

राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार २०२२ च्या सुमारास मुदत संपल्यावर डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत प्रशासकांकडे होता. या काळात प्रभागाचा प्रश्न मांडणारा नगरसेवक नव्हता. कलम १२७ खालील मुदती मात्र त्या काळातही चालूच होत्या.