आठवण परत आल्यानंतर

टेरी टेरी यांची ‘स्लेटेड’ ही किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी 2012 साली आली. तिच्यातल्या भविष्यकालीन ब्रिटनमध्ये सरकार अल्पवयीन गुन्हेगारांना शिक्षा करत नाही, त्यांची स्मृतीच पुसून टाकते. मग नवे नाव देऊन त्यांना नव्या आईवडिलांच्या हवाली केले जाते. अशीच एक मुलगी आहे काय्ला. पहिल्या भागात ती विचारते, मी कोण होते? दुसरा भाग ‘फ्रॅक्चर्ड’ 2013चा. त्यात आठवणी परतू लागतात, आणि प्रश्न सुटण्याऐवजी अवघड होतो. आत एक लूसी आहे, एक रेन आहे. शिवाय सरकारविरोधी गटानेही हे मन आपल्या कामासाठी मुद्दाम दुभंगलेले असते. यांतली खरी कोणती?

‘स्लेटेड’ आली त्याच वर्षी, जुलै 2012मध्ये, ब्यूनस आयर्सच्या न्यायालयाने अर्जेंटिनाचा माजी हुकूमशहा होर्खे विदेला याला 50 वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हा होता, पद्धतशीरपणे मुले पळवल्याचा.

24 मार्च 1976 रोजी तिथे लष्कराने सत्ता घेतली. ती 1983पर्यंत टिकली. विरोधक म्हणून उचललेल्या गरोदर स्त्रियांना गुप्त छळछावण्यांत बाळंतपणापर्यंत जिवंत ठेवले जाई. बाळ जन्मले की आईला संपवायचे आणि बाळ बहुधा राजवटीच्या मर्जीतल्या घरी द्यायचे. अशी सुमारे 500 मुले असावीत, असा आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे. इथे कुठलेही यंत्र लागले नाही. खोटा जन्मदाखला पुरला. तान्ह्या बाळाला पुसण्याजोगी आठवणच नसते.

मग शोधायचे तरी कशाच्या आधारे? आठवण मुलांकडे नव्हती, आज्यांकडे होती. 1977मध्ये त्या एकत्र आल्या. ‘प्लासा दे मायोच्या आज्या’ हे त्यांचे नाव. आईवडीलच बेपत्ता असताना नाते सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न घेऊन त्या शास्त्रज्ञांकडे गेल्या. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी त्यांना साथ दिली. आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते ठरवण्याची पद्धत उभी राहिली. पुढे मायटोकाँड्रियातल्या डीएनएचाही उपयोग झाला. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईच्या आईची तपासणीही बरेच सांगून जाते. 1987मध्ये राष्ट्रीय जनुक-संग्रह कायद्याने स्थापन झाला. 1989च्या बालहक्क करारातील आठवे कलम मुलाला स्वतःची ओळख जपण्याचा हक्क देते. त्यामागेही या आज्यांचा आग्रह होता.

संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो. त्यांची मुलगी लाउरा 1977मध्ये पकडली गेली, कैदेत बाळंत झाली आणि 1978मध्ये मारली गेली. एस्तेला इतरांची नातवंडे शोधत राहिल्या. स्वतःचा नातू मिळाला ऑगस्ट 2014मध्ये. तो होता 114वा. तो संगीतकार होता. स्वतःच्या जन्माविषयी शंका आल्यावर आपणहून तपासणीला गेला होता.

आजी त्याला गीदो म्हणत आली होती. लाउराने बाळाला दिलेले नाव तेच होते. त्याने मात्र वाढवणाऱ्यांनी दिलेले इग्नासिओ हे नाव सोडले नाही. आडनावे घेतली जन्मदात्यांची, मोन्तोया कार्लोत्तो. दुसऱ्या भागातल्या काय्लासमोर जो प्रश्न आहे, त्याला एका माणसाने दिलेले हे उत्तर. सत्य कळल्यावर मधली 36 वर्षे खोटी ठरत नाहीत, आणि ती जगली म्हणून गुन्हाही माफ होत नाही.

काय्ला आपली ओळख स्वतःच्या डोक्यात शोधते. अर्जेंटिनात ती दुसऱ्या कुणीतरी सांभाळून ठेवली होती. आतापर्यंत 130हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. उरलेली आता चाळिशी ओलांडून गेली, आणि ज्यांना त्यांची आठवण आहे त्या आज्या एकेक करून जात आहेत.