अपकृत्यजन्य मृत्यू

दुसऱ्याचे गैरकृत्य, हयगय किंवा कसूर यांमुळे ओढवलेला आणि ज्याबद्दल मृताच्या आप्तांना दिवाणी नुकसानभरपाई मागता येते असा मृत्यू. खुनाच्या वा सदोष मनुष्यवधाच्या खटल्याहून हा दावा वेगळा. येथे शिक्षेऐवजी भरपाई मिळते आणि पुराव्याची कसोटी तुलनेने सौम्य असते. त्यामुळे फौजदारी न्यायालयात आरोपी सुटला तरी हा दावा टिकू शकतो.

इतिहास : इंग्लंडमध्ये 1808 च्या बेकर विरुद्ध बोल्टन खटल्यात लॉर्ड एलेनबरो यांनी, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानी नाही, असे ठरविले. परिणामी जखमी करणाऱ्याला भरपाई द्यावी लागे, ठार करणारा मात्र सुटे. 1846 च्या लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्याने ही विसंगती दूर केली. त्याच धर्तीवर भारतात प्राणघातक अपघात अधिनियम, 1855 आला. त्यातील आप्तांच्या नुकसानीचा दावा पती, पत्नी, मातापिता व अपत्ये यांच्याच हितासाठी आहे. भावंडे त्यात येत नाहीत. मोटार अपघातांत मात्र ‘कायदेशीर प्रतिनिधी’ अर्ज करू शकतात, आणि भाऊही त्यांत मोडू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मान्य केले.

भरपाईचे गणित : अशा दाव्यांत मोजले जाते ते मृताच्या जिवाचे मोल नव्हे, तर मागे राहिलेल्यांचे नुकसान. मोटार अपघातासंबंधीच्या सरला वर्मा खटल्यात (2009) सर्वोच्च न्यायालयाने त्याची रीत पक्की केली : वार्षिक उत्पन्नातून मृताचा स्वतःचा खर्च वजा करायचा (विवाहित व्यक्तीवर दोन-तीन जण अवलंबून असल्यास एक-तृतीयांश) आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. हा गुणक 31 ते 35 वयासाठी 16, तर 61 ते 65 साठी 7 आहे. ही रीत यांत्रिक असल्याचा आक्षेप घेतला जातो. पण ती नसताना सारख्याच प्रकरणांत न्यायाधिकरणागणिक वेगळी रक्कम मिळत असे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नुकसान उत्पन्नावर मोजले, तर न कमावणाऱ्याच्या मृत्यूची भरपाई नगण्य ठरेल. न्यायालयांनी त्याची दखल घेतली आहे. जमशेदपूरच्या 1989 मधील आगीसंबंधीच्या लता वाधवा खटल्यात (2001) गृहिणीच्या कामाचे मूल्य दरमहा 3,000 रुपये धरले गेले. प्रणय सेठी निकालाने (2017) स्वयंरोजगारी व्यक्तीच्याही भावी उत्पन्नवाढीला स्थान दिले. सहवासाच्या हानीसाठी 40,000 रुपये ठरवले आणि ते दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढवण्यास सांगितले. तरीही गुणाकाराचा पाया उत्पन्नच राहिल्याने हा दोष कमी झाला, नाहीसा झाला नाही.

अमेरिका : तेथे प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आहे.

मुदत : 1855 च्या अधिनियमाखालील दावा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत दाखल करावा लागतो.