थंडीत अडणारा गिअर आणि लाल तेलाची कहाणी

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथे हिवाळ्यातील पहाटे तापमान कित्येकदा शून्याखाली २० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. अशा सकाळी आपोआप गिअर बदलणारी, बरीच वर्षे वापरलेली मोटार सुरू केली, तर पुष्कळदा एक ठरावीक तक्रार अनुभवास येते. इंजिन चालू होते, चालक दांडा पुढे जाण्याच्या खुणेवर आणतो, पण गाडी काही सेकंद जागची हलत नाही. मग एकदम हिसका बसून ती निघते. पुढचे गिअरही उशिरा पडतात. काही किलोमीटर गेल्यावर मात्र सारे सुरळीत होते आणि दिवसभर पुन्हा तक्रार नसते.

दंतचक्रे झिजली असती, तर ती दुपारपर्यंत आपोआप दुरुस्त झाली नसती. म्हणजे तापमानाबरोबर बदलणारे असे काहीतरी येथे गुंतलेले असले पाहिजे. ते म्हणजे गिअरपेटीतील तेल. या तेलाचा इतिहास पाहिला की श्यानता, घर्षण आणि रेणूंची रचना हे आपल्या पाठ्यपुस्तकातील विषय एका ठिकाणी भेटतात. शिवाय त्या इतिहासात एक देवमासाही आहे.

तेलच गिअर बदलते

नेहमीच्या मोटारीत क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे चालकाचे हातपाय करतात. स्वयंचलित गिअरपेटीत ती तेल करते. या कल्पनेचे मूळ जहाजबांधणीत आहे. वाफेचे टर्बाइन वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरणे फायद्याचे असते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये द्रवाच्या माध्यमातून शक्ती पोचवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे हवेच्या जागी द्रव असतो, एवढेच.

मोटारीत हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर आणले ते जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेली 'हायड्रामॅटिक' गिअरपेटी १९३९ मध्ये जाहीर झाली आणि १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारीत ५७ डॉलर जादा देऊन मिळू लागली. तिच्यात द्रवजोडणी होती, चार पुढचे गिअर होते आणि कोणता गिअर केव्हा पडावा हे तेलाच्या दाबावर ठरत होते.

त्या पेटीत काय घडते ते थोडक्यात पाहू. पंप तळातील तेल जाळीतून ओढतो आणि दाबाखाली झडपांकडे पाठवतो. झडप उघडली की तेल अरुंद वाटेने एका पोकळीत शिरते, तेथील दट्ट्या सरकतो, घर्षण-तबकड्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि गिअर पडतो. दट्ट्याच्या कडेने तेल निसटू नये म्हणून रबरी कडी बसवलेली असते. एकच तेल येथे शक्ती पोचवते, झडपा हलवते, वंगण पुरवते आणि उष्णता वाहून नेते. गळती झाल्यास ते ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग मिसळण्याची प्रथा पडली.

तेल अरुंद वाटेतून किती वेगाने वाहील, हे त्याच्या श्यानतेवर अवलंबून असते. श्यानता वाढली की प्रवाह मंदावतो, पोकळी भरण्यास वेळ लागतो आणि गिअर उशिरा पडतो. तेल फारच दाट झाले, तर पंपाला ते जाळीतून पुरेसे ओढताही येत नाही.

श्यानतेला तापमानाचे वेड

तापमानाचा श्यानतेवरील परिणाम वर्गात सहज दाखवता येतो. उंच मोजपात्रात एरंडेल भरून सायकलच्या बेअरिंगमधील बारीक छर्रा त्यात सोडावा आणि तो तळाशी जाण्यास लागणारा वेळ मोजावा. मग पात्र गरम पाण्यात ठेवून तेल ४० अंशांवर आणावे आणि प्रयोग पुन्हा करावा. २० अंश सेल्सिअसला एरंडेलाची श्यानता सुमारे १००० सेंटिपॉइज असते, तर ४० अंशांना सुमारे २३०. (पाण्याची श्यानता २० अंशांना १ सेंटिपॉइज असते.) केवळ २० अंशांच्या फरकाने वेळ चौथाईवर येतो.

सर्वच तेले तापमानाला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. हा फरक आकड्यात मांडण्यासाठी डीन आणि डेव्हिस या अमेरिकी संशोधकांनी १९२९ मध्ये 'श्यानता-निर्देशांक' सुचवला. तापमानाबरोबर कमी बदलणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील तेलाला त्यांनी १०० गुण दिले, तर खूप बदलणाऱ्या मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाला शून्य. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तेलात लांबलचक बहुवारिक रेणू मिसळून हा निर्देशांक वाढवला. थंडीत हे रेणू गुंडी करून बसतात आणि तेलाच्या वाटेत फारसे येत नाहीत. उष्णतेत ते पसरतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला आवर घालतात. खनिज तेलातील मेणाचे स्फटिक थंडीत एकमेकांत गुंतून जाळे करतात. त्यांना तसे करू न देणारी द्रव्येही शोधली गेली.

देवमाशाचे तेल

श्यानता आटोक्यात आली तरी घर्षणाचा प्रश्न उरतो. तबकड्या आवळल्या जाताना आधी घसरतात आणि मग एकमेकींना पकडतात. त्या अखेरच्या क्षणी घर्षण एकाएकी वाढले, तर गाडीला हिसका बसतो. ते वाढू नये यासाठी एक टोक धातूला धरून बसणारे आणि उरलेले शेपूट तेलात मोकळे ठेवणारे रेणू हवे असतात. असे रेणू स्पर्म देवमाशाच्या तेलापासून उत्तम मिळत.

हिवाळ्यात आपल्या घरातील खोबरेल थिजते, हे आपण पाहतो. खोबरेल, गोडेतेल, तूप ही सर्व ग्लिसरॉल आणि मेदाम्लांची संयुगे आहेत. स्पर्म देवमाशाच्या तेलाची घडण निराळी असते. त्यात ग्लिसरॉलऐवजी लांब साखळीचे अल्कोहॉल मेदाम्लाशी जोडलेले असते. म्हणजे ते रासायनिक दृष्ट्या द्रवरूप मेणच होय. गंधकाची प्रक्रिया केलेले हे तेल खनिज तेलात चांगले विरघळे आणि थंडीतही त्यातून वेगळे होत नसे. डुकराच्या चरबीवर तीच प्रक्रिया केली, तर ती खनिज तेलात नीट विरघळत नसे. त्यामुळे युद्धानंतरच्या काळात अमेरिकी मोटारींच्या गिअरपेट्यांत देवमाशाचे तेल थोड्या प्रमाणात का होईना, जात राहिले. थंड सकाळी गाडीचा गिअर अलगद पडावा, यासाठी दूर समुद्रात एका सस्तन प्राण्याची शिकार होत होती, हे बहुतेक मोटारमालकांच्या गावीही नसावे.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म देवमाशाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला. १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आणि १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा यांनी हा मार्ग कायमचा बंद केला. जनरल मोटर्सने आपल्या तेलाला १९६७ मध्ये 'डेक्सरॉन' हे नाव दिले होते. त्याची जागा आता देवमाशाविना बनवलेल्या 'डेक्सरॉन-२' ने घेतली. हा बदल सुखासुखी झाला नाही. गिअरपेटीचे तेल गार करणारी नळी रेडिएटरमध्ये बसवलेली असते. या नव्या तेलाच्या एका आवृत्तीने त्या नळीच्या डाखलेल्या सांध्यांचे क्षरण होऊ लागले आणि रेडिएटरचे पाणी गिअरपेटीत शिरू लागले. मग क्षरण रोखणारे द्रव्य घालून 'डेक्सरॉन-२ डी' ही सुधारित आवृत्ती आणावी लागली. एक घटक बदलला की इतर सर्व घटकांशी त्याचे नाते नव्याने तपासावे लागते, हा रसायनशास्त्राचा जुनाच धडा उद्योगाला पुन्हा गिरवावा लागला.

पर्यायांच्या शोधात होहोबा नावाचे झुडूपही पुढे आले. नैऋत्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या वाळवंटात ते वाढते. त्याच्या बियांत वजनाच्या जवळजवळ निम्मे द्रवरूप मेण असते आणि त्याची घडण देवमाशाच्या तेलाशी जुळते. पुढे राजस्थानातही त्याची लागवड झाली.

उणे चाळीसची परीक्षा

थंडीतील वागणुकीची कसोटी उणे ४० अंशांवर घेतात. या तापमानाला सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे दोन्ही मापक्रम एकच आकडा दाखवतात. 'डेक्सरॉन-२ डी' ला या तापमानात ५०,००० सेंटिपॉइजपर्यंत श्यानतेची मुभा होती. म्हणजे खोलीतील एरंडेलाच्या पन्नासपट दाट! १९९० च्या सुमारास आलेल्या 'डेक्सरॉन-२ ई' साठी ही मर्यादा २०,००० वर आणली गेली, आणि एकविसाव्या शतकातील 'डेक्सरॉन-६' साठी १५,००० वर. हेच तेल १०० अंशांना सुमारे ५ सेंटिपॉइज इतके पातळ असते. हजारो पटींचा हा फरक पेलून त्याला तेच काम करावे लागते.

जुन्या गाडीचे निदान

आता सुरुवातीच्या गाडीकडे वळू. तिच्या दुखण्याची दोन कारणे संभवतात आणि त्यांत गल्लत करू नये. पहिले कारण तेलाचे. ते जुने झालेले असते, चुकीच्या जातीचे असते, कमी पडलेले असते किंवा जाळी गाळाने तुंबलेली असते. तेलाची पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल पूर्ण तापल्यावरच मोजायची असते. कारण तापल्यावर तेल प्रसरण पावते. जाळी बदलून निर्मात्याने सांगितलेल्या जातीचे, शक्य असल्यास थंडीत कमी दाट होणारे तेल भरणे, हा पहिला आणि स्वस्त उपाय.

दुसरे कारण दट्ट्यावरील रबरी कड्यांचे. वर्षानुवर्षे तापून हे रबर कडक होते. त्यातच रबराचे औष्णिक आकुंचन लोखंडाच्या दहापटीहून अधिक असते. त्यामुळे थंडीत कडी आखडते, फट पडते, दाब निसटतो. गाडी तापली की रबर थोडे मऊ होऊन फुगते आणि फट बुजते. रबर किंचित फुगवणारी द्रव्ये तेलात घालून काही काळ निभावते, पण खरा उपाय म्हणजे पेटी उघडून कड्या बदलणे. तो खर्चिक असतो. म्हणून आधी तेलाची शक्यता तपासायची आणि ती संपल्यावरच पेटी उघडायची, हा क्रम शहाणपणाचा.

आपल्याकडे २०१४ पासून लहान मोटारींत दिसू लागलेली 'एएमटी' ही या जातीची नव्हे. तिच्यात नेहमीचीच गिअरपेटी असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते.

श्यानता शिकवताना आपण बहुधा सूत्रापाशी थांबतो. विद्यार्थ्यांपुढे हे मिनेसोटातील दुखणे ठेवावे आणि दोष तेलाचा की रबराचा, हे पेटी न उघडता कसे ठरवाल, असे विचारावे. तेल बदलूनही तक्रार तशीच राहिली, तर निष्कर्ष काय, याचे उत्तर त्यांना स्वतःच काढता येईल.