आपलाच आवाज ऐकताना

वक्तृत्व स्पर्धेला निघालेल्या मुलांना मी सांगतो, आधी भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ही कल्पना जुनीच. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला आणि १८७८ च्या लेखात त्याचे उपयोग मोजले; त्यात वक्तृत्वशिक्षणही होते! १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली, आणि पुढे ही सोय घरोघरी पोचली.

कॉलेजात मी स्वतःचे भाषण टेपवर प्रथम ऐकले आणि लाजून बटण बंद केले. बोलताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानी येतो. टेपवर तेवढा भाग नसतो, म्हणून तो परका वाटतो. हे कळल्यावर पुन्हा ऐकले, तेव्हा माझी घाई लक्षात आली. यंत्र टाळ्या वाजवत नाही, तसे हसतही नाही. बुजऱ्या मुलाला सुरुवातीला तेवढे पुरते. चार मित्रांसमोर उभे राहायचे ते त्यानंतर.