स्वर्गाची आशा आणि गावची ग्रामसभा



रविवारची उपासना संपली की आम्ही बायका चर्चच्या आवारात जरा वेळ रेंगाळतो. रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतून येतो, त्यामुळे आठवड्याच्या गप्पा तिथंच होतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच गप्पांत एक वाद निघाला. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि 1 मेची ग्रामसभा तोंडावर आली होती. पाण्याचा विषय मांडायला कोण जाणार, असं विचारल्यावर आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "आपलं खरं गाव स्वर्ग. इथं आपण वाटसरू. त्या भांडणात कशाला पडायचं?" त्यांच्या भक्तीबद्दल कुणालाच शंका नव्हती, म्हणून सगळ्याच गप्प बसलो. पण प्रश्न मनात राहिला. आज आपण त्याचं उत्तर इतिहासात शोधूया.

मावशींचं म्हणणं बायबलमधूनच आलेलं आहे. संत पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे असं तो सांगतो. हे फिलिप्पै म्हणजे रोमची वसाहत. तिथल्या लोकांना रोमचे नागरिक असल्याचा मोठा अभिमान, म्हणून पौलानं नेमका तोच शब्द उचलला. तिथल्या मंडळीची सुरुवात एका कामकरी बाईपासून झाली. तिचं नाव लुदिया, ती जांभळ्या कापडाचा व्यापार करी. पण याच गावात पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा तो हलला नाही. आम्ही रोमचे नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्यानं ठणकावलं. अधिकाऱ्यांना यावं लागलं. म्हणजे स्वर्गाचं नागरिकत्व सांगणाऱ्या माणसानं पृथ्वीवरचा हक्क सोडला नव्हता.

आता आपल्या मातीत येऊ. कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 सालचा, आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातल्या करजगावचा. 1893 मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट सांगताना एक बाजू झाकून ठेवता येत नाही. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. एका माणसाच्या स्वर्गाच्या ओढीनं दुसऱ्या माणसाचा संसार मोडला. जवळजवळ पाच वर्षं लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधारानं राहिल्या. त्या दिवसांचं दुःख त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे, आणि तेही हसतहसत.

पुढं त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळंओवळं सुटलं नव्हतं. राहुरीला असताना एकदा त्यांनी स्वतःशीच विचार केला, की ही जात देवानं केली की माणसानं? माणसानं केली, असं उत्तर मिळालं आणि त्या दिवसापासून त्यांनी भेद टाकला. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आम्हाला हा क्रम फार मोलाचा वाटतो. शेजारणीच्या हातचं पाणी त्यांनी आधी घेतलं, स्वर्गाचं पुढं.

टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर मराठीपण सोडलं नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं त्यांनी उपासनेत आणलं. आज आपण गातो त्यांतली शंभराहून अधिक गीतं त्यांची आहेत. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचं दहन झालं. त्यांच्यामागं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. टिळकांचे थोडेच अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 लिहिले.

तिसरं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. 1889 च्या मुंबईतल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून गेल्या, त्यांत त्या होत्या. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारी इस्पितळात आणि छावणीत बायकांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात नाव देऊन लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती, म्हणून त्यांनी गप्प बसावं असं अनेकांना वाटलं असेल. त्या बसल्या नाहीत. विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटात निघाला. सरकारनं आरोप नाकारले, पण बायकांचं गाऱ्हाणं विलायतेपर्यंत पोचलं. त्याच सुमारास दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्या केडगावला आसरा देत होत्या.

मैत्रिणींनो, या सगळ्यांना स्वर्गाची आशा आमच्या मावशींइतकीच होती. पण त्या आशेनं त्यांना घरात बसवलं नाही. जातीबाहेर टाकतील, सरकार रागावेल, लोक नावं ठेवतील, ही भीती तिनं कमी केली. ज्याला शेवटचा न्याय देवाच्या हाती आहे असं वाटतं, त्याला तलाठ्यापुढं किंवा सरपंचापुढं उभं राहताना कशाला घाबरायचं? वाटसरूसुद्धा ज्या विहिरीचं पाणी पितो तिच्यात घाण टाकत नाही, आणि दोर तुटला असेल तर मागून येणाऱ्यासाठी बांधून जातो.

त्या 1 मेला आम्ही सातजणी ग्रामसभेला गेलो. मावशीही आल्या, मागच्या रांगेत बसल्या. टँकरचा विषय निघाला तेव्हा आमच्यातली एकजण बोलता बोलता अडखळली. तेव्हा मागून मावशींचाच आवाज आला, "वरच्या वाडीला चार दिवसांत एकदाच पाणी येतं, हे लिहून घ्या." ते इतिवृत्तात लिहिलं गेलं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्यातल्या बऱ्याचजणींना ठाऊक नसतं.  पुढच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेची तारीख आपापल्या ग्रामपंचायतीत विचारून ठेवा, आणि शेजारच्या घरची, मग ती कुठल्याही धर्माची असो, एकीला तरी सोबत न्या.